लसीकरणाच्या सर्व्हेला घरी येतात त्यांना माहिती द्यायची का?

मृण्मयी_भांडुप

नमस्कार. भांडुप पश्चिमेला राहते, मुलगी १४ महिन्यांची आहे. परवा दुपारी दोन बायका आल्या, हातात रजिस्टर, म्हणाल्या पालिकेकडून आलोय, लसीकरणाचा सर्व्हे चालू आहे, पाच वर्षांखालचं मूल आहे का घरात, कुठल्या लशी झाल्या, कार्ड दाखवा. इथपर्यंत ठीक होतं. मग मोबाईल नंबर मागितला, आधार मागितलं आणि मुलीच्या फाईलचा फोटो काढू का विचारलं तेव्हा मी बिचकले, म्हटलं घरी कोणी नाहीये, नंतर या. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर धडाधड मेसेज सुरू झाले. एक काका म्हणाले हे सगळं कंपन्यांना विकतात, दुसरे म्हणाले लशीच्या नावाखाली दुसरीच माहिती काढतात, एकीने तर कुठला तरी जुना व्हिडिओ टाकला ज्यात इंजेक्शननंतर मुलं बेशुद्ध पडलेली दाखवलीत, आणि शेवटी सेक्रेटरींनी जाहीर करून टाकलं की उद्यापासून सर्व्हेवाल्यांना गेटच्या आत सोडायचं नाही.

मुलीच्या सगळ्या लशी आमच्या खासगी डॉक्टरांकडे वेळेवर झाल्यात, लशीबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण ही माहिती नक्की जाते कुठे, ती देणं बंधनकारक आहे का, आणि टीव्हीवर जे सांगतात की इतके टक्के मुलांचं लसीकरण झालं ते आकडे या बायकांच्या रजिस्टरमधूनच येतात का? आणि तसं असेल तर त्यावर भरवसा किती ठेवायचा? फॉरवर्ड नकोयत, ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगा प्लीज.


फिरता_सर्वेक्षक

मृण्मयीताई, मी काही वर्षं आरोग्याच्या सर्व्हेंमध्ये फील्डवर काम केलंय म्हणून लिहितो. यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करतात. तुमच्याकडे ज्या आल्या त्या बहुतेक हेल्थ पोस्टच्या, म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या, ताई असणार. त्यांचं काम म्हणजे घरटी मोजणी, म्हणजे या गल्लीत, या बिल्डिंगमध्ये लहान मुलं किती, कुणाचा कुठला डोस राहिलाय. तिथे मुलाचं नाव लागतं कारण त्या यादीवरूनच पुढे बोलावणं करायचं असतं.

दुसरा प्रकार म्हणजे नमुना सर्व्हे, एनएफएचएस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. तो करणारी संस्था आपल्या मुंबईतलीच, देवनारला गोवंडी स्टेशन रोडवर आयआयपीएस, लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था, आहे ती. तिथे सगळ्या देशातल्या प्रत्येक घरात जात नाहीत, शितावरून भाताची परीक्षा करतात. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत देशभरातून ६ लाख ३६ हजारांवर घरं घेतली होती. तुम्ही टीव्हीवर ऐकता ते टक्के बऱ्याचदा यातून आलेले असतात. त्या फेरीत देशात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ७६.४ टक्क्यांचं मूलभूत लसीकरण पूर्ण झालेलं निघालं, त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत ६२ टक्के होतं. पूर्ण म्हणजे बीसीजी, पोलिओ आणि पेंटाचे (पाच रोगांवरची एकत्र लस) तीन तीन डोस आणि गोवराचा एक. कार्ड असलं तर कार्डावरच्या तारखा लिहायच्या, नसलं तर आईला विचारायचं.

आता भरवशाचं. पालिका असो की जिल्हा परिषद, दर महिन्याला आपापले आकडे वर पाठवतात, आणि त्यात कधी कधी १०० टक्क्यांच्या वर लसीकरण झालेलं दिसतं. कसं काय, तर भागिले जो आकडा असतो, म्हणजे या वॉर्डात एकूण मुलं किती, तोच अंदाजाने धरलेला असतो, आणि मुंबईसारख्या शहरात जिथे अर्धी वस्ती भाड्याने, कोण गावी बाळंतपणाला गेली, कोण परत आली, तिथे तो अंदाज हमखास चुकतो. खासगीत लस घेणारी तुमच्या मुलीसारखी मुलं तर कित्येकदा कुठेच धरली जात नाहीत. म्हणून वेगळ्या माणसांनी, वेगळ्या पद्धतीने, घरी जाऊन तपासणं लागतं. दार बंद करून आपण सरकारला अडवत नाही, आपण ती तपासणीच अडवतो.

बंधनकारक आहे का? एनएफएचएसमध्ये प्रश्न सुरू करायच्या आधी संमतीचा मजकूर वाचून दाखवावा लागतो, त्यात साफ लिहिलेलं असतं की भाग घेणं ऐच्छिक आहे, नको त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. चांगल्या टीमने हे न वाचता सुरुवात केली तर सुपरवायझर झापतो. हेल्थ पोस्टच्या यादीला पण आधार दिलंच पाहिजे असं काही नाही. आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नका, सर्व्हेला ओटीपी लागत नाही.


नजमा_शिवाजीनगर

मी गोवंडी शिवाजीनगरची. इथे जे लिहितात ना की लोक अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात, त्यांना मला सांगायचंय.

२०२२ च्या ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे गोवर पसरला, मुलं गेली. तेव्हा केंद्राची टीम आली, टीव्हीवाले आले, पालिकेच्या बायका गल्लीगल्लीतून फिरायला लागल्या, पुढे ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचा ठरला. चांगलं केलं, मी स्वतः माझ्या पुतण्याला घेऊन गेले. पण शेजारची बाई मला काय म्हणाली, की नळाला पाणी नाही तेव्हा कोणी रजिस्टर घेऊन येत नाही, गटार तुंबलं तेव्हा येत नाही, डम्पिंगचा धूर घरात शिरतो तेव्हा येत नाही, आता अचानक माझ्या पोराचं नाव का पाहिजे? मी तिला काय उत्तर देऊ?

आणि नाव, बापाचं नाव, आधार, गाव कुठलं, किती वर्षांपासून राहता, हे प्रश्न २०१९-२० नंतर आमच्याकडे साधे राहिलेले नाहीत. एनआरसीची, म्हणजे नागरिकत्वाच्या नोंदणीची, भीती होती तेव्हा देशात कितीतरी ठिकाणी सर्व्हेच्या बायकांना लोकांनी अडवलं, त्या बिचाऱ्या दुसऱ्याच कामाला आलेल्या. त्याच्यानंतर लगेच कोविड. माझे कुटुंब माझी जबाबदारी म्हणून घरोघर तपासणी सुरू झाली, तेव्हा लोक ताप लपवायचे, कारण नाव लिहिलं की क्वारंटाईन सेंटर, रोजंदारी बंद, गल्लीला बांबू. सर्व्हे झाला की मागून काही तरी येतं एवढं लोकांना पक्कं माहीत झालंय.

मला लस पाहिजे, मला सर्व्हे पण पाहिजे. पण लशीसाठी बापाचं गाव कशाला विचारता ते आधी सांगा, मग विचारा.


परळकर_७१

नजमाताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के पटलं, आणि हे आजचं पण नाही. मुंबईत १८९६ ला प्लेग आला तेव्हा सरकारची माणसं घरात शिरून आजारी शोधायची, सापडला की उचलून हॉस्पिटलात, घरातलं सामान बाहेर. १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात विणकर वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक गेलं त्यावरून दंगल पेटली आणि शहरभर पसरली. तेव्हाही कागदावर सरकारचा हेतू चांगलाच होता. पण घरातल्या बाईला हात लावून कोणी परका माणूस तपासणार, हे लोकांच्या दृष्टीने काय होतं याचा विचार कुणी केला नाही.

त्याच वेळी त्याच शहरात हाफकिनसाहेबांनी काय केलं बघा. प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळला आज जी हाफकिन संस्था आहे ती त्यांच्याच नावाची.

आणीबाणीतली नसबंदी तर आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलीय. कोटा पुरा करायचा म्हणून माणसं धरून नेली, त्याच्यानंतर किती तरी वर्षं सरकारी सुई बघितली की ही मुलं न होण्यासाठीच देतात असं लोकांच्या मनात यायचं, पोलिओच्या थेंबांच्या वेळी उत्तर प्रदेशात नेमकी हीच अफवा होती. आणि अफवांना कधी कधी मोठमोठी माणसं खरं करून देतात. २०११ मध्ये लादेनला शोधायला अमेरिकेच्या सीआयएने अबोटाबादमध्ये डॉक्टर हाताशी धरून हिपॅटायटिस बी च्या लसीकरणाचं नाटक केलं. घरात शिरायला लसीकरण हे निमित्त वापरलं! त्याची किंमत पाकिस्तानातल्या पोलिओ कार्यकर्त्यांनी दिली, कित्येकांना गोळ्या घातल्या. हे करणाऱ्यांना माफी असू नये असं मला मनापासून वाटतं.

पण आपल्याकडे त्याच पोलिओचं काय झालं तेही विसरू नका. जबरदस्तीने तो गेला नाही. ज्या घरांनी नाही म्हटलं तिथे त्याच मोहल्ल्यातल्या बायका परत परत गेल्या, मौलवींनी मशिदीतून सांगितलं, आणि देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला हावड्याची, मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ओळखीच्या माणसाने विचारलं की दार उघडतं, एवढं साधं आहे.


हेल्थपोस्टची_ताई

मी सीएचव्ही, म्हणजे पालिकेची आरोग्य सेविका आहे, वॉर्ड सांगत नाही. रोज दारोदार फिरते म्हणून लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मृण्मयीताई आम्ही रजिस्टरमध्ये काय लिहितो, तर घर नंबर, मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, मोबाईल, कुठला डोस झाला कुठला राहिला. त्याच्यावरून ड्यू लिस्ट निघते. त्या लिस्टप्रमाणे लसीकरणाच्या दिवशी मुलं आणायची, कोण आलं नाही त्यांच्याकडे परत जायचं. मोबाईल याच्यासाठी की पुढच्या डोसची आठवण करता येते आणि आता यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाईन नोंदणीत, नोंद केली की सर्टिफिकेट पण मोबाईलवर निघतं, कार्ड हरवलं तरी रेकॉर्ड राहतं. आधार नाही दिलं तरी लस मिळते, लस नाकारत नाही आम्ही कुणाला. फोटो नको असेल तर नको म्हणा, आम्ही फाईल बघून हाताने लिहून घेतो. पण फाईल दाखवाच, कारण तोंडी सगळे सांगतात सगळं झालंय आणि फाईल उघडली की गोवराचा दुसरा राहिलेला असतो. शिकलेल्या घरात जास्त, कारण दीड वर्षाचं मूल झालं की आईची नोकरी परत सुरू, पाळणाघर, आणि ते राहून जातं.

लोकांना वाटतं झोपडपट्टीत आम्हाला जास्त त्रास होतो. तिथे भांडतात, खूप बोलतात, पण पाणी विचारतात आणि शेवटी मूल दाखवतात. टॉवरमध्ये वॉचमनच सोडत नाही, इंटरकॉमवरून सांगतात आमचे डॉक्टर आहेत, गरज नाही. तिथल्या मुलांचं मला काहीच लिहिता येत नाही, आणि त्या टॉवरमध्ये कामाला येणाऱ्या बाईचं मूल, वॉचमनचं मूल, बांधकामावरचं मूल, ते पण त्याच गेटच्या आत असतं. गोवर गेट बघत नाही. डॉक्टर आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात की गोवर अडवायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस पाहिजेत.

आणखी एक मनातलं सांगते. आमच्यावर टार्गेटचं प्रेशर असतं हे खरं आहे. संध्याकाळपर्यंत एवढी घरं झालीच पाहिजेत असं सांगतात मग बायका घाईत विचारतात, नीट समजावत नाहीत, कशासाठी विचारतोय ते सांगत नाहीत. तुमच्याकडे आलेल्यांनी कार्ड दाखवलं का गळ्यातलं? नसेल दाखवलं तर चूक त्यांची. तुम्ही मागायचं, हक्काने.


वरळी_सीफेस_रोज

माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिचं ऐकून सांगते. अमेरिकेत त्यांच्या सीडीसीचा, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, लसीकरणाचा सर्व्हे १९९४ पासून फोनवर होतो. कुठल्याही नंबरला फोन करतात, घरात त्या वयाचं मूल आहे का विचारतात, आणि मग आईबापांची परवानगी घेऊन मुलाच्या डॉक्टरकडून रेकॉर्ड मागवून ताडून बघतात. बहिणीला असा फोन आला तेव्हा तिने फसवणुकीचा कॉल समजून कट केला, तिथले बरेच जण असंच करतात. तिकडे तर दार पण नाही, नुसता अनोळखी आवाज. मला त्यातलं परवानगी घेऊन डॉक्टरकडून ताडून बघणं आवडलं. आपल्याकडे खासगी डॉक्टरांकडे झालेल्या लशींचं असं काही नीट झालं तर मृण्मयीसारख्या आयांना दारात फाईल काढावीच लागणार नाही.


मृण्मयी_भांडुप

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. कार्ड मी मागितलं नव्हतं आणि त्यांनीही दाखवलं नाही.

अजून एक प्रश्न, सर्वेक्षक दादा. माझ्या मिस्टरांचं म्हणणं असं की घरातून माहिती खरी गेली तरी वर गेल्यावर आकडे बदलत नाहीत कशावरून? त्यांनी मला त्या देवनारच्या संस्थेच्याच डायरेक्टरना काढल्याची बातमी दाखवली. आणि कोविनचा, म्हणजे कोविड लशीच्या सरकारी नोंदणीचा, डेटा टेलिग्रामवर आला होता तेव्हा आमच्या ऑफिसात एकाचा आधार नंबर खरंच दिसला होता, ते कसं विसरायचं?


फिरता_सर्वेक्षक

मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. जुलै २०२३ मध्ये आयआयपीएसचे संचालक के. एस. जेम्स यांना निलंबित केलं. सरकारने कारण भरतीतल्या अनियमिततेचं दिलं, आणि बातम्यांमध्ये आलं की पाचव्या फेरीचे काही आकडे वर आवडले नव्हते. नंतर निलंबन मागे घेतलं आणि त्यांचा राजीनामा झाला. मला ते तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं, कारण फील्डवर आम्ही उन्हातान्हात जी माहिती आणतो तिची किंमत तिच्या खरेपणाएवढीच असते.

पण त्याच अहवालात काय छापलंय तेही बघा. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांमधला ॲनिमिया ५८.६ वरून ६७.१ टक्क्यांवर गेला हे त्यातच आहे. कुठल्याही सरकारला हा आकडा नकोसाच असतो, तरी तो छापून आला. लसीकरणाचे आकडेही एकट्या सरकारच्या हातात नसतात, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी स्वतःचा अंदाज काढतात. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांनी सांगितलं की २०२३ मध्ये भारतात १६ लाख मुलांना एकही डोस मिळाला नव्हता. आरोग्य मंत्रालयाने आक्षेप घेतला, म्हणाले आपली लोकसंख्याच मोठी, नुसता आकडा दुसऱ्या देशांशी कसा जुळवता, टक्केवारी बघा. मुद्द्यात तथ्य आहे. पण १६ लाख म्हणजे १६ लाख मुलं, ती कुठल्या तरी गल्लीतच राहतात ना. हा वाद चारचौघांत होतो हे मला बरं वाटतं, जिथे एकच आकडा असतो आणि त्यावर कुणी भांडत नाही तिथे मी जास्त घाबरेन.

कोविनचं म्हणाल तर २०२३ च्या जूनमध्ये टेलिग्रामवरच्या बॉटमधून लोकांचे तपशील मिळत होते हे खरं. सरकार म्हणालं थेट आमच्या डेटाबेसमध्ये कुणी घुसलेलं नाही, पुढे बिहारमधून एकाला पकडलं. ज्याचा आधार नंबर दिसला त्याला यातून काय समाधान मिळणार? म्हणून माझं मत असं की लशीची माहिती पूर्ण द्या, तारखांसकट द्या, आणि ओळखपत्राचे नंबर देऊ नका. आणि जे लोक माहिती गोळा करतात त्यांनी त्याच गल्लीत परत येऊन सांगायला पाहिजे की तुमच्याकडे एवढी मुलं राहिलेली निघाली, म्हणून इथे कॅम्प लावला. मी केलेल्या एकाही सर्व्हेचा निकाल ज्यांनी उत्तरं दिली त्यांना कुणी जाऊन सांगितलेला मी पाहिला नाही. नजमाताईंच्या शेजारणीचा राग मला तिथूनच आलेला दिसतो.


नजमा_शिवाजीनगर

हे बरोबर बोललात. परत येऊन सांगा, बस.

हेल्थपोस्टच्या ताई, एक विचारते. आमच्या गल्लीत एक जण आहे, मुलगा अडीच वर्षांचा, पावसात घरात पाणी भरलं त्यात कार्ड गेलं. काही डोस गावी झाले म्हणते, कुठले ते तिला आठवत नाही. ती घाबरून सर्व्हेवाल्यांना सांगते की मूल गावी आहे. कार्ड नाही म्हणून ओरडतील असं तिला वाटतं.


हेल्थपोस्टची_ताई

तिला सांगा अजिबात घाबरू नको, कोणी ओरडणार नाही, ओरडलं तर मेडिकल ऑफिसरना भेटायचं. कार्ड नवीन मिळतं, पैसे लागत नाहीत. गावच्या आशाताईचा किंवा उपकेंद्राचा फोन असेल तर त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडते कधी कधी, विचारून बघा. नाहीच सापडली तर झालाच नाही असं धरून त्या वयाला चालतात ते डोस देतात, गोवर रुबेलाचा पाच वर्षांपर्यंत देतात, पोलिओ पण पाचपर्यंत. बीसीजी आणि पेंटा सुरू करायचं वय आपल्या सरकारी कार्यक्रमात एका वर्षापर्यंतच आहे, पण डीपीटी नंतर पण देतात, ते डॉक्टर बघून ठरवतील. आधी झालेला असला आणि गोवराचा परत दिला गेला तरी मुलाला काही अपाय होत नाही.

एकटी यायला नको वाटत असेल तर तुम्ही सोबत या तिच्या. सकाळी लवकर आलात तर गर्दी कमी असते.